आतून कडी न लावणारं गाव

मी घाबरट बाई आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला माझ्याकडून पराक्रमाची अपेक्षा राहायला नको. माझं घर दापोलीकडे, खाडीच्या तोंडाशी. मागच्या मोठ्या वादळात शेजारच्या गोठ्याचा पत्रा उडून आला तो आमच्या ओटीच्या खांबात वीतभर रुतला. त्याच खांबाला टेकून तासाभरापूर्वी मी चहा पीत होते. तेव्हापासून माझ्या घरात वादळाची तयारी बारा महिने असते. मेणबत्त्या, बॅटरी, गोळ्या, कागदपत्रं प्लास्टिकच्या डब्यात, पिण्याचं पाणी झाकून, आणि दाराला सागवानी अडसर. वारं सुटलं की आमच्याकडे माणूस घरात शिरतो, दारं-खिडक्या घट्ट लावतो आणि जाड भिंतीच्या आडोशाला बसून राहतो. नवरा गेल्यापासून मी एकटीच, तेव्हा अडसर घालतेही मी आणि काढतेही मीच.

माझी लेक वैशाली लातूर जिल्ह्यात, निलंगा तालुक्यातल्या एका खेड्यात सरकारी नर्स आहे. जावई सुहास नांदेडला एका लॅबमध्ये कामाला, शनिवार-रविवार येऊन जातात. खेड्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच लोक बघायला जायचे. तर भादव्यात वैशालीचा फोन आला आणि बोलता बोलता ती म्हणाली, "अगं आई, हल्ली इथे जमिनीतून आवाज येतात. गुरगुरल्यासारखे. मीनूला आता सवय झालीय."

मीनू माझी नात, सहा वर्षांची. सवय झालीय म्हणे. दुसऱ्या दिवशी मी तिकीट काढलं. नातीला घेऊन यायचं, आवाज थांबेपर्यंत ती माझ्याकडे राहील, शाळा बुडली तर बुडली, एवढं ठरवून मी निघाले.

लातूर

लातूरला उतरले तेव्हा सकाळचे सात वाजले होते. हवेत डाळीच्या गिरण्यांचा कोरडा, पिठूळ वास. जिकडे बघावं तिकडे क्लासच्या पाट्या, त्यांवर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो, आणि खाली रस्त्यावर पाठीला दप्तरं लावून क्लासला पळणारी खरी मुलं. मी मात्र त्या चार-चार मजली इमारतींच्या गच्च्यांकडे बघत होते. यातली एखादी हलली तर पळायचं कुठल्या बाजूला, हे ठरवत ठरवत मी स्टँडसमोर सुसला खाल्ला. सुसला म्हणजे भिजवलेले चुरमुरे, कांदा-मिरचीच्या फोडणीवर परतलेले, वरून दाण्याचं कूट. आमच्या पोह्यांचा चुलतभाऊच म्हणायचा. भीती होती तरी दोन प्लेटी संपवल्या, खोटं कशाला सांगू.

निलंग्याच्या एसटीत शेजारी एक बाई बसल्या होत्या. मांडीवर टोपलं, टोपल्यात वांगी. बाहेर काळी जमीन, त्यात सोयाबीन पिवळं पडायला आलेलं, मधेच उसाचा पट्टा. इतकं सपाट की मला नजर कुठे टेकवावी ते कळेना. बाईंनी विचारलं, "कुठं निघालाव?" मी गावाचं नाव सांगितलं.

त्यांनी टोपलं जरा सारखं केलं. "तिथं तर जमीन गुरगुरून राहिली म्हणं."

"भीती नाही वाटत इथल्या लोकांना?"

"वाटतीय की. पर जावं कुठं, बाई? सोयाबीन उभं हाय."

पुढे त्या वांग्यांबद्दल बोलत राहिल्या आणि मी हं हं करत राहिले. माझं लक्ष एसटीच्या खडखडाटाकडे होतं. ही गाडी हलतेय की खालची जमीन, हे ओळखायचं कसं, एवढंच डोक्यात घोळत होतं.

माळवद आणि पत्रा

वैशाली राहते ती खोली महानंदाबाईंची. महानंदाबाई साधारण माझ्याच वयाच्या, लिंगायत, गळ्यात लिंग, कपाळावर विभूती, आवाज खणखणीत. खोली दगडाची. दोन हात जाड भिंती, दगडांत चिखल भरलेला, आणि वर माळवद. माळवद म्हणजे लाकडांवर माती टाकून केलेलं सपाट छप्पर. दरवर्षी वर आणखी पांढरी माती पसरतात, त्यामुळे आत उन्हाळ्यातही गारवा. मी भिंतीवर हात थापटून पाहिला आणि आल्यापासून पहिल्यांदा जिवाला बरं वाटलं. असल्या भिंतीला कुठलं वादळ हलवणार?

"झोपायला इथे नाही हं, आई," वैशाली म्हणाली. "झोपतो आम्ही तिकडे." तिने अंगणातल्या पत्र्याच्या शेडकडे बोट दाखवलं. चार लोखंडी खांब, तीन बाजूंना पत्रे, वर पत्रे. महानंदाबाई, माझी लेक आणि माझी नात, तिघी त्या पत्र्याखाली झोपत होत्या आणि ही एवढी दगडी खोली रिकामी. मी कपाळावर हात मारून घेतला. आमच्याकडे वादळात पत्रा माणूस मारतो आणि दगडी भिंत वाचवते. लेक शिकली-सवरली आणि हे काय करून बसली, असं मला झालं.

शेडमधली तयारी मात्र माझ्यापेक्षा वरचढ होती, कबूल करते. दोरीला टांगलेली पिशवी: त्यात कागदपत्रं, मलमपट्टी, औषधं, बॅटरी, गूळ, शेंगदाणे. पाण्याचा कॅन खांबाला बांधलेला. कोपऱ्यात लोखंडी पत्र्यावर स्टीलचे सात ग्लास एकावर एक उपडे रचलेले. मी एक पाणी प्यायला उचलायला गेले तर मीनूने माझा हात धरला.

"ते प्यायचे न्हाईत, आजी. ते वाजले की पळायचं. झाडाकडं. भिंतीकडं न्हाई."

तिच्या गळ्यात लाल दोऱ्यात एक शिट्टी होती. म्हटलं, शाळेत खेळाला दिली असेल. "वाजव बघू जरा."

"उगाच वाजवायची नसती. घर अंगावर पडलं की वाजवायची. ओरडलं की घशात माती जाती." असं सांगून ती बाहुलीचे केस विंचरायला लागली. माझ्या तोंडाला कोरड पडली होती आणि पाणी मागायचीही पंचाईत, कारण ग्लासांना हात लावायचा नव्हता.

त्याच संध्याकाळी मी एक घोळही घातला. नातीसाठी सुकट आणली होती. पिशवी शेडमध्ये उघडली आणि महानंदाबाई नाकाला पदर लावून थेट रस्त्यापर्यंत गेल्या. त्यांच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. सुकट अंगणाबाहेरच्या कडुलिंबाच्या झाडाला टांगावी लागली आणि गावातली सगळी कुत्री झाडाखाली सभा भरवून बसली. महानंदाबाई नंतर हसल्या आणि मला धपाटे-दही खायला घातलं, पण पिशवी काही त्यांनी अंगणात परत येऊ दिली नाही.

निलंग्याची कडी

मी वैशालीला म्हटलं, पोर माझ्याबरोबर पाठव. ती म्हणाली, सुहास येऊ देत, बोलू. तोपर्यंत पाच दिवस मला तिथे काढायचे होते. रात्री शेडमध्ये झोपायला मी नाइलाजाने तयार झाले. पण दुपारी पत्रा तव्यासारखा तापायचा. वैशाली उपकेंद्रात, मीनूची शाळा सकाळची. दुपारी आम्ही दोघी त्या दगडी खोलीत जाऊन पडायला लागलो. वैशालीला ते आवडत नव्हतं, पण भादव्याचं ऊन बघून तिने ते चालवून घेतलं.

पहिल्याच दुपारी माझ्या लक्षात आलं की खोलीच्या दाराला आतून कडीच नाही. जुन्या कडीची भोकं तेवढी दिसत होती. समोरच्या घरात डोकावले, तिथेही तेच. बाईमाणूस आणि लहान पोर, आणि दाराला आतून कडी नाही, म्हणजे काय म्हणावं? माझं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी मीनूची शाळा सुटल्यावर तिला घेऊन मी निलंग्याला गेले. तिथे निलंगा राईस खाल्ला, झणझणीत, डोळ्यांतून पाणी काढणारा. मीनू मात्र लिमलेटच्या गोळीसारखा खात होती. मग बाजारातून चांगली जाड सरकती कडी घेतली आणि तिच्यासाठी दोन-दोन इंची आठ स्क्रू. आमच्याकडे वाऱ्याने दार उखडतं ते स्क्रू आखूड असले की, हे मला पक्कं ठाऊक.

गावातले सुतार दस्तगीरमामा. पांढरी दाढी, कानावर पेन्सिल. त्यांनी कडी हातात घेतली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"मावशी, इथं आतून कडी लावत न्हाईत कुणी."

"मी लावते."

"महानंदाआक्का काय म्हणल्या?"

"त्या उदगीरला गेल्यात, लेकीकडे. येतील उद्या. तुम्ही बसवा. आणि हे लांब स्क्रूच वापरा हं, मला आखूड चालायचे नाहीत."

"हाव," म्हणाले आणि कामाला लागले. मी त्यांच्यासाठी चहा करायला शेडमध्ये गेले. परत येते तो कडी बसलेली, दार लावून-उघडून दाखवलं, सरकवली तर चटकन बसत होती. मला किती समाधान वाटलं म्हणून सांगू. नातीसाठी काहीतरी केल्यासारखं वाटलं.

महानंदाबाई आल्या, त्यांनी कडी पाहिली. बोट फिरवलं तिच्यावरून. म्हणाल्या, "लई जाड आणली." बस, एवढंच. पण त्यानंतर आम्ही दुपारी खोलीत गेलो की त्या बाहेर भर उन्हात शेंगा फोडत बसायच्या. मला वाटलं, बाईला उन्हाची सवय असेल.

गुरुवार, दुपार

त्या दिवशी ढग आले होते. वारं सुटलं, धूळ उडाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला काय करायचं ते नेमकं कळलं. मीनूला आत घेतलं, दाराच्या दोन्ही फळ्या लावल्या, कडी सरकवली. पोरीला आतल्या कोपऱ्यात, सगळ्यात जाड भिंतीशी गोधडीवर झोपवलं. वादळात आम्ही असंच करतो.

थोड्या वेळाने गडगडलं. म्हटलं, आला पाऊस. पण आवाज वरून येत नव्हता. तो पायाखालून आला, तळपायातून पोटात चढला. मग बाहेर शेडमध्ये ग्लास वाजले. किणकिण नाही, एकदम सगळे कोसळले.

मीनू उठून बसली. "आजी, कडी काढ."

आणि मी काय केलं? सांगायला लाज वाटते. मी दाराकडे पळाले आणि कडी नीट बसलीय ना ते दाबून पाहिलं. तीस-चाळीस वर्षांची सवय, हात आपोआप तिकडेच गेला. मीनू माझं लुगडं ओढत होती. "आजी, काढ ना. आजी, बाहेर जायचं असतंय."

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. मी कडी ओढली. हलेना. पुन्हा ओढली, दोन्ही हातांनी, नख तुटलं. चौकट कुठेतरी तिरकी झाली होती आणि कडी कोयंड्यात घट्ट आवळली होती. वरून माती पडायला लागली, आधी बारीक, मग ढेकळं. डोळ्यांत, तोंडात. इतकी भीती मला वादळातसुद्धा वाटली नव्हती. वादळात निदान काहीतरी धरून बसता येतं. मीनूने शिट्टी तोंडात घातली आणि वाजवली. त्या कोंडलेल्या खोलीत माझ्या कानठळ्या बसल्या.

बाहेरून महानंदाबाईंचा आवाज आला. "मागं सरका. पोरीला मागं घ्या."

मी मीनूला पोटाशी धरून दोन पावलं मागे झाले. दारावर धाडकन काहीतरी आदळलं. एकदाच. कडी दारातून अख्खी उपटून आत माझ्या पायाशी पडली, दार उघडलं, आणि महानंदाबाई खांद्यावर हात दाबून उभ्या होत्या. त्यांनी मीनूचा दंड धरला, मीनूने माझा. आम्ही झाडाकडे पळालो.

मग सगळं शांत. कुत्री भुंकत होती. लांबून वैशाली पळत येताना दिसली, चपला हातात. पुढे पाच-दहा मिनिटांनी, काही हलत नसताना, खोलीत दाणकन आवाज झाला. संध्याकाळी दारातून बॅटरी मारून पाहिलं. आतल्या कोपऱ्यात, सगळ्यात जाड भिंतीतला एक दगड गोधडीवर येऊन पडला होता. दोन माणसांनी उचलावा एवढा. मी तिथेच अंगणात बसून रडले. कुणी मला गप्प बस म्हणालं नाही.

गावात कुणाला फारसं लागलं नव्हतं. महानंदाबाईंचा खांदा सुजला होता, तो वैशाली शेकत होती. तेव्हा त्या मला म्हणाल्या, "त्र्याण्णव साली माझ्या माहेरात गणपती बुडवून आले आन झोपले. भाऊ अंगणात बाजंवर. भावजय आन तिची पोरगी आत, कडी लावून. हललं तवा ती खोली लगीच पडली न्हाई, ताई. दोघी आतून वरडत व्हत्या. भाऊ बाहेरून ढकलून राहिला." खांद्यावरचं फडकं सारखं केलं. "दार लई चांगलं व्हतं. सागाचं. त्यापायी आमच्या लोकांनी कड्या काढल्या."

"मग मला आधी का नाही बोललात?"

"पाव्हण्या तुमी. आन लई भ्यालेल्या व्हत्या. भ्यालेल्या माणसाला आनखी काय सांगावं?"

दस्तगीरमामा

दुसऱ्या दिवशी सकाळी दस्तगीरमामा आले आणि माझ्या हातात कागदाची पुडी दिली. उघडून पाहिली. माझे दोन इंची स्क्रू. आठच्या आठ.

कडी अजून खोलीच्या उंबऱ्याशी पडली होती. मी जाऊन बघितलं. तिला लटकत होते ते स्क्रू माझ्या करंगळीच्या नखाएवढे होते.

"फसवलंत मला," मी म्हटलं.

"हाव," ते म्हणाले. चेहऱ्यावर पश्चात्तापाचं नाव नाही. "म्या न्हाई म्हणलं असतं तर तुमी निलंग्याहून दुसरा सुतार आणला असता. त्यानं लांबच बसवले असते."

खरं होतं. मी आणलाच असता. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर ते दोन हात मागे सरकले आणि म्हणाले, "चहा करा, मावशी. त्या दिवशीचा ग्वाड व्हता."

उरलेल्या दोन दिवसांत मी मला येतं ते काम केलं. शेडचे पत्रे आमच्या पद्धतीने काथ्याच्या दोरांनी आडवे-उभे आवळून घेतले, दोर जमिनीत खुंट्या ठोकून बांधले, म्हणजे वाऱ्याने उडायला नकोत. दस्तगीरमामा वर, मी खाली राहून सूचना देत होते. पत्र्यावर गोणपाटं अंथरली आणि दुपारी त्यांवर पाणी मारायचं ठरलं. आत एवढा फरक पडला की महानंदाबाई पहिल्यांदा दुपारी शेडमध्ये घोरल्या. दगडी खोलीला बाहेरून कुलूप लागलं.

नांदेड

पण नातीला न्यायचंच, हे माझ्या मनात आता दुप्पट पक्कं झालं होतं. वैशालीने वाद घातला नाही. ती नुसती म्हणाली, "ने. माझ्याच्यानं आता तुला नाही म्हणवत नाही." सुहासनी इकडे यायच्याऐवजी नांदेडहून आमच्या परतीच्या गाडीची तिकिटं काढली आणि आम्ही तिघी तिकडे गेलो.

सुहासची भाड्याची खोली गोदावरीच्या अंगाला, तळमजल्यावर. भिंतीवर कमरेइतक्या उंचीवर मागच्या पुराची मळकट रेघ, आणि त्यांची कागदपत्रं खाली कपाटाच्या तळाच्या कप्प्यात. पाण्याचं मला कळतं. तासाभरात सगळं माळ्यावर चढवायला लावलं, विजेचं बटण कुठलं आधी बंद करायचं ते दाखवलं, आणि सासूने जावयाला ओरडू नये हे विसरून चांगलं ओरडले.

संध्याकाळी घाटावर बसलो. नदी भरून चालली होती, तांबूस, घुसळत. मीनू माझ्या मांडीवर. तिने विचारलं, "आजी, तुझ्या घरात कडी आहे?"

"कडी नाही. मोठा अडसर आहे."

"तो अडकला तर?"

"अडकत नाही गो."

"पण अडकला तर, बाहेरून कोण ढकलतंय?"

मला एकही नाव आठवेना. माझं घर वाडीपासून बाजूला, मध्ये माडांचं आगर. शेजारची सुलभा आहे, पण त्या उडून आलेल्या पत्र्याच्या नुकसानीवरून आमचं भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही. वारं सुटल्यावर कुणी माझ्या दारात उन्हात शेंगा फोडत बसणार नाही. मी नातीला घेऊन जाणार होते ती एका मजबूत दारामागे, आणि त्या दाराबाहेर कुणीच नव्हतं.

गाडी यायच्या आधी मी वैशालीला म्हटलं, "राहू दे तिला." वैशालीने माझा हात धरला. मला घाबरायला होत होतं, आत्ता लिहितानाही होतंय. मी चूक केली का, ते मला अजून सांगता येत नाही.

मीनूने खिडकीतून स्वतःच्या गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली. म्हणाली, उपकेंद्रात अजून खोकंभर आहेत.

घरी

परतून महिना झाला. रोज सकाळी फोन करते, मीनू सगळ्यात आधी सांगते ते ग्लास पडले की नाही. परवा इथे वाऱ्याचा इशारा आला. मी खिडक्या लावल्या, पाणी भरलं, अडसर घातला. हे इथे करायलाच लागतं. पण मग मला बसवेना. अडसर काढला, चप्पल घातली, आगरातून चालत सुलभाच्या कुंपणापर्यंत गेले. ती वाळत घातलेले कपडे ओढत होती. मला बघून थांबली.

मी म्हटलं, "मी घरात जाते आणि दार लावून एक शिट्टी वाजवते. ऐकू येते का सांग."

तिने मला वेडी झाल्यासारखं पाहिलं. मी घरी आले, अडसर घातला, आतल्या खोलीत जाऊन जोरात शिट्टी वाजवली. मग कान देऊन उभी राहिले. वारा माडांत शिरला होता, त्यात काही ऐकू येईल असं वाटेना.

बऱ्याच वेळाने दारावर थाप पडली. बाहेरून सुलभा म्हणाली, "येतंय गो ऐकू."